डिर्नडलखाली स्नीकर्स घातले तर बिघडलं कुठे?

सप्टेंबर लागला की म्युनिकमध्ये एक वाद हमखास रंगतो: यंदा वीझनला काय घालायचं, आणि काय घातलं तर शोभत नाही. वीझन म्हणजे टेरेझियनवीझे, ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या मोठ्या उत्सवाचं मैदान. म्युनिककर उत्सवालाही त्याच नावाने ओळखतात. आणि कपडा म्हणजे डिर्नडल: अंगाबरोबर बसणारी चोळी, आत आखूड ब्लाउज, चुण्यांचा घेरदार झगा आणि वर एप्रन. हल्ली त्याखाली पांढरे स्नीकर्स येतात. कुणी एप्रनला रजा देऊन चामड्याचा रुंद पट्टा बांधतं, कुणी वरून काळं बायकर जाकीट चढवतं, कुणी ब्लाउजच घालत नाही. मग एक बाजू म्हणते, परंपरेची पार वाट लागली. दुसरी म्हणते, काळाबरोबर चालायला नको का?

मला दोघांचंही भांडण चुकीच्या जागी चाललेलं दिसतं. ज्याची राखण करायला पहिली बाजू कंबर कसून उभी आहे, तो कपडा जन्मापासून शहरी फॅशनचा आहे. बुटांवरून त्याची पत ठरत नाही. पण म्हणून दुसऱ्या बाजूलाही सोडून देता येत नाही. त्यांच्या आधुनिकतेतला बराचसा भाग म्हणजे एका सप्टेंबरपुरता घेतलेला, दुसऱ्या सप्टेंबरला अंगाला न होणारा पॉलिएस्टरचा झगा. वाद घालायचाच तर शिवणीवर घालावा, स्नीकर्सवर नको.

आधी 'परंपरा' तपासू. एकोणिसाव्या शतकात आल्प्सच्या पायथ्याच्या गावांत मोलकरणी आणि गोठ्यात राबणाऱ्या पोरी साधा सुती झगा आणि एप्रन घालत. तो मिरवायचा कपडा नव्हता, शेणामातीत मळवायचा होता. पुढे रेल्वे आली आणि शहरातली सुखवस्तू कुटुंबं उन्हाळ्याचे महिने डोंगरातल्या तळ्यांकाठी काढू लागली. साधारण 1870-80 पासून या घरांतल्या बायकांनी मोलकरणींच्या कपड्याचीच हौसेची आवृत्ती चांगल्या कापडात शिवून घेतली आणि घरी परत जाताना ती ट्रंकेत घालून नेली. डिर्नडलचा 'पारंपरिक' अवतार तो हा. म्हणजे उन्हाळी सुट्टीतली फॅशन.

ती मोठी केली वेस्टफालियातून म्युनिकला आलेल्या ज्यू भावांनी. युलिउस आणि मोरिट्झ वालाख यांनी 1900 साली म्युनिकमध्ये ग्रामीण पोशाखांचं दुकान काढलं. 1910 मध्ये ऑक्टोबरफेस्टची शंभरी आली, तेव्हा निघालेल्या पोशाखांच्या मिरवणुकीला त्यांनी विनामूल्य कपडे पुरवले. लाकडी ठशांनी छापलेलं त्यांचं सुती कापड इतकं नावाजलं गेलं की म्युनिकला आलेला हौशी माणूस वालाखांच्या दुकानात डोकावल्याशिवाय जात नसे. 1930 मध्ये बर्लिनच्या रंगभूमीवर ऑस्ट्रियातल्या वोल्फगांगझे तळ्याकाठच्या एका खाणावळीची संगीतिका आली, ती तुफान चालली, आणि तिच्यातला डिर्नडल बर्लिनपासून पार समुद्रापलीकडे पोचला. तोपर्यंत तो कुणाच्याही गावाचा राहिला नव्हता. रंगमंच, दुकानाची काच आणि सुट्टीचे फोटो यांचा झाला होता.

यानंतरचा भाग 'अस्सल' हा शब्द तोंडावर घेऊन फिरणाऱ्यांनी जरूर वाचावा. 1938 मध्ये नाझींनी वालाख कुटुंबाला दुकान विकायला भाग पाडलं. युलिउस आणि मोरिट्झ अमेरिकेत निसटले. त्यांचा भाऊ माक्स 1944 मध्ये आउश्वित्झमध्ये मारला गेला. त्याच 1938 च्या उन्हाळ्यात, नुकत्याच जर्मनीला जोडलेल्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या पोलिसांनी फतवा काढला की ज्यूंनी डिर्नडल, लेडरहोजन (पुरुषांची चामड्याची विजार), तिरोली टोपी यांपैकी काहीही घालायचं नाही. ज्यांनी हा कपडा घरोघर पोचवला, त्यांच्याच समाजाला तो अंगावर घालायची बंदी. आणि त्याच सुमारास इन्सब्रुकच्या लोककला संग्रहालयातल्या गेरट्रूड पेझेनडॉर्फर या बाई 'नव्या जर्मन शेतकरी पोशाखा'ची आखणी करत होत्या. 1939 मध्ये त्यांच्या हाताखाली जर्मन पोशाखांचं एक केंद्रीय कार्यालयच उघडलं. गळ्याशी बंद होणारी कॉलर काढली, बाह्या आखूड केल्या, कंबर आवळली, छाती उठून दिसेल अशी चोळी बेतली. जुन्या कपड्यावरची चर्चची छाप पुसायची, हा त्यामागचा उघड हेतू होता. एल्सबेट वालन्योफर यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे सविस्तर मांडलं आहे. आज स्मरणवस्तूंच्या दुकानात टांगलेल्या डिर्नडलची जी आकृती 'शेकडो वर्षांची' म्हणून खपवली जाते, तिच्यात या कार्यालयाच्या कात्रीचा वाटा आहे.

याचा अर्थ डिर्नडल नाझी कपडा आहे, असा काढू नये. तसं म्हणणं म्हणजे वालाखांचं दुकान दुसऱ्यांदा हिसकावून घेणं होईल. म्युनिकच्या ज्यू संग्रहालयाने 2007 मध्ये या भावांवर प्रदर्शन भरवलं, ते त्यांचं श्रेय त्यांना परत देण्यासाठीच. मुद्दा एवढाच की या कपड्याच्या इतिहासात शुद्धतेचा आग्रह एकदा सरकारी पातळीवर धरला गेला होता, आणि तो आग्रह कसा होता हे आपल्याला माहीत आहे. म्हणून कुणी 'हे अस्सल नाही' म्हणालं की मला आधी विचारावंसं वाटतं, कुठल्या सालचं अस्सल?

वीझनचं तर विचारूच नका. 1810 च्या ऑक्टोबरात युवराज लुडविग आणि टेरेझे यांच्या लग्नानिमित्त घोड्यांची शर्यत झाली, तिथून हा उत्सव सुरू झाला. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षं लोक तिथे आपल्या नेहमीच्या नीटस कपड्यांत जात. 1960-70 च्या दशकांतले फोटो काढून बघा: कोट, साधे फ्रॉक, पुढे जीन्स. डिर्नडल दिसतो तो मुख्यतः बिअरचे मग वाहणाऱ्या बायकांच्या अंगावर. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये स्वागतिकांना फिकट निळा डिर्नडल दिला होता (त्यांच्यातल्याच एक पुढे स्वीडनच्या राणी सिल्विया झाल्या), पण तोही एका समारंभाचा गणवेशच. पाहुण्यांनी, तरुणांनी, झाडून सगळ्यांनी वीझनला पारंपरिक पोशाखात यायचं, ही रीत 1990 चं दशक सरताना मूळ धरू लागली. म्युनिकमधल्या सिमोन एगर यांनी या 'वीझन-पोशाखा'चा स्वतंत्र अभ्यास केला आहे. म्हणजे ज्या परंपरेत स्नीकर्स घुसले म्हणून गळा काढला जातो, ती आज पंचविशी-तिशीत आहे. स्नीकर्स तिच्याहून वयाने मोठे आहेत.

आता परंपरेच्या बाजूचा एक आक्षेप आहे, आणि तो मला मनापासून मान्य आहे. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या प्रांतात आहे तिथे, पोशाख-मंडळं आहेत. पहिलं 1883 मध्ये बायरिशत्सेल गावात योझेफ फोगल या शाळामास्तरांनी काढलं. या मंडळांचा पोशाख म्हणजे ट्राख्ट. त्याला नियम आहेत. कुठल्या खोऱ्यात कुठला रंग, लग्न झालेल्या बाईने सणाला कोणता गर्द रेशमी पोशाख घालायचा, टोपीला सोनेरी दोरी कशी, चोळीत फुलं कुठली खोचायची, सगळं ठरलेलं. वीझनच्या पहिल्या रविवारी निघणाऱ्या मिरवणुकीत हजारो माणसं हे कपडे घालून शहरातून चालतात. त्यांच्यापैकी कुणी 'आमच्या पोशाखात स्नीकर्स चालणार नाहीत' म्हणालं तर तो त्यांचा हक्क. त्यांनी ते नियम स्वतःवर लावून घेतलेत, वर्षभर पाळतात, शिवणकामाचे वर्ग घेतात. पण गंमत अशी की यातली जाणती माणसं डिर्नडलला ट्राख्ट म्हणतच नाहीत. त्यांच्या लेखी तो फॅशनचा कपडा, ज्याने त्याने आपल्या मर्जीने घालावा. परंपरेच्या नावाने खरा गोंगाट करतात ते मंडळात कधी पाऊल न टाकलेले लोक.

नव्या पद्धतींबद्दल माझं मत विचाराल तर ते सरसकट नाही. गळ्याशी बंद होणारा लेसचा ब्लाउज आणि पोटरीच्याही खाली उतरणारा झगा गेली काही वर्षं पुन्हा दिसू लागलाय, आणि तो मला सर्वांत देखणा वाटतो. 'आधुनिक' म्हणून मिरवणारी ही तऱ्हा पेझेनडॉर्फर बाईंनी कापून टाकलेल्या कॉलरच्या जास्त जवळ जाते, हा तिचा वरकड गुण. स्नीकर्स किंवा घोट्यापर्यंतचे बूट ही तर शहाणपणाची गोष्ट. पाऊस पडला की मैदान निसरडं होतं, तंबूत बाकांवर उभं राहून नाचायचं असतं, पायाखाली फुटक्या मगाची काच असू शकते. तिथे नाजूक टाचांचे बूट घालून मिरवणारीच्या धाडसाला सलाम. चामड्याचं जाकीट संध्याकाळच्या थंडीत बरं दिसतं. एप्रन काढून पट्टा बांधणं मात्र मला पटत नाही. एप्रनच्या रंगाने आणि पोताने झग्याला तोल येतो, तो गेला की उरतो कुठलाही उन्हाळी फ्रॉक. ब्लाउजशिवायची चोळी रंगमंचावर ठीक आहे, दिवसभर अंगावर वागवायला त्रासदायक. ही आवडनिवड झाली. तिच्यावर शहराने भांडावं असं त्यात काही नाही.

भांडावं असं काही असेल तर ती एप्रनची गाठ. पर्यटकांच्या प्रत्येक माहितीपत्रकात ती समजावून सांगितलेली असते: गाठ डावीकडे असेल तर बाई एकटी, उजवीकडे असेल तर कुणाची तरी, मागे असेल तर विधवा किंवा वेट्रेस, आणि मधोमध असेल तर त्याचा अर्थ सांगताना लोक डोळे मिचकावतात. या नियमाला जुना आधार सापडत नाही. तो वीझनच्या फॅशनबरोबरच फोफावला. नवा आहे म्हणून मी त्याला वाईट म्हणत नाही, नवं तर सगळंच आहे. वाईट यासाठी की तो बाईच्या कंबरेला पाटी लटकवतो आणि परक्या माणसाला ती वाचायची परवानगी देतो. पुरुषाच्या लेडरहोजनवर अशी एकही गाठ नाही. 2013 मध्ये एका ज्येष्ठ जर्मन नेत्याने हॉटेलच्या बारमध्ये एका महिला पत्रकाराच्या अंगाबद्दल डिर्नडलचा दाखला देऊन केलेली शेरेबाजी छापून आली आणि देशभर बायका आपापले अनुभव लिहू लागल्या, तेव्हा हा कपडा कुठल्या नजरेने बघितला जातो हे उघड्यावर आलं. वीझनवर 2003 पासून मुली आणि बायकांसाठी मदतकेंद्र चालवावं लागतं. झग्याखालून चोरून फोटो काढणं जर्मनीत 2021 पासून गुन्हा आहे, आणि तो कायदा वीझनच्या दिवसांत कामाला येतो. इतकं असूनही झग्याच्या लांबीवरून प्रवचन ऐकावं लागतं ते घालणारीलाच. आखूड डिर्नडल मला आवडत नाही, पण ती माझी आवड. तिचा आणि त्या मोबाइलवाल्याच्या गुन्ह्याचा काडीचाही संबंध नाही. गाठ हाताला सोपी पडेल तिथे बांधावी, आणि विचारलं तर तेवढंच सांगावं.

आता शिवणीकडे येऊ. चांगला डिर्नडल ओळखायचा तर तो उलटा करावा. चोळीला सुती अस्तर असतं, कुशीच्या शिवणीत दोन-तीन बोटं माया सोडलेली असते, म्हणजे अंग भरलं की शिवण उसवून चोळी सैल करता येते. झग्याच्या खाली रुंद दुमड असते. मुलगी वाढली, किंवा आईचा झगा लेकीला आला, की ती सोडवून लांबी वाढवायची. कंबरेच्या चुण्या यंत्राने गोळा केलेल्या नसतात. समांतर टाक्यांच्या ओळी घालून दोरा ओढून त्या बारीक, एकसारख्या बसवलेल्या असतात, आणि तेवढ्याच कामाला शिवणाऱ्या बाईचा कितीतरी वेळ जातो. एप्रन वेगळा असतो तो यासाठी की डाग त्याच्यावर पडावेत, तो धुवावा, आणि झगा वर्षानुवर्षं टिकावा. सगळ्या रचनेत एकच हिशेब दिसतो: कापड महाग आहे, अंग बदलतं, कपडा टिकला पाहिजे. गरीब घरच्या बाईचा हा हिशेब हौशी शहरी बायकांच्या हातात जाऊनही टिकला होता.

तो मोडला पन्नास-साठ युरोच्या सेटने. ब्लाउज, एप्रन, झगा, सगळं एका पिशवीत. 2024 मध्ये वीझनवर लिटरभर बिअरचा मग 13.60 ते 15.30 युरोला होता. म्हणजे चार मगांच्या पैशांत आख्खी परंपरा. हा सेट उलटा करून बघा. मायेच्या जागी ओव्हरलॉकची कडा, अस्तराचा पत्ता नाही, एप्रन चकाकत्या कृत्रिम धाग्याचा, चोळीवरची बंदांची जाळी नुसती शोभेला, मागे चेन. वजन दोन किलोने वाढलं की खेळ खलास. सोडवायला आत काही नाहीच. दरवर्षी साठेक लाखांच्या वर लोक येतात (2023 मध्ये सुमारे 72 लाख आले होते), त्यातल्या थोड्यांनी जरी असा सेट घेतला तरी ऑक्टोबरात त्याचं काय होत असेल, ते सांगायला आकडा लागत नाही. आणि पैशाची अडचण हे कारणही पुरतं पटत नाही. म्युनिकमध्ये जुन्या डिर्नडलची दुकानं आहेत, भाड्याने देणारे आहेत, आणि चांगल्या जुन्या झग्याला माया असल्यामुळे तो नव्या अंगाला बेतताही येतो. शिवून घ्यायचा तर कित्येक शे युरो मोजावे लागतात, हजाराच्या वरही. ते सगळ्यांना परवडणार नाही, मान्य. पण जुना चांगला झगा आणि नवे स्नीकर्स, ही जोडी स्वस्तही आहे आणि झकासही.

राहिला प्रश्न आपला. म्युनिकमध्ये मराठी माणसं भरपूर आहेत. मोटारींच्या आणि सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांनी नेलेली. कधी कधी गणपती आणि वीझन एकाच आठवड्यात येतात. 2023 मध्ये वीझन 16 सप्टेंबरला सुरू झालं आणि 19 ला चतुर्थी होती. तेव्हा नऊवारी आणि डिर्नडल एकाच कपाटातून निघतात आणि हमखास विचारलं जातं: आपण घातला तर त्यांना राग येईल का? दुसऱ्याची संस्कृती ओरबाडल्यासारखं होईल का?

2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. पण इटलीच्या माणसाने कोल्हापुरी पायात घातली म्हणून कुणी रागावलं नव्हतं. राग होता तो कोल्हापूरचं नाव न घेता कोल्हापूरचं काम विकायला काढल्याचा, आणि ते नंतर प्राडाला कबूल करावं लागलं. डिर्नडललाही हीच फूटपट्टी लावू. घालणारीचा जन्म कुठला, ही चौकशी फिजूल आहे. श्रेय आणि दाम कुणाला मिळतात, ते बघावं. कॅमेरूनमध्ये मुळं असलेल्या दोन बहिणी, मारी दारुइश आणि राहमे वेट्टेरिख, म्युनिकमध्ये 'नो नी' नावाने पश्चिम आफ्रिकी छापील कापडाचे डिर्नडल करतात. बेत बव्हेरियन, रंग आफ्रिकी, शिवण पक्की. काहींना ते 'खिचडी' वाटतं. पण ते छापील कापड तरी कुठलं? जावाच्या बाटिकची डच कारखान्यांनी केलेली नक्कल, जी पश्चिम आफ्रिकेने आपलीशी केली. आणि बव्हेरियन डिर्नडलवरची ती बारीक फुलांची सुती छपाई? सतराव्या-अठराव्या शतकांत हिंदुस्थानातून, मुख्यतः कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून, रंगीत छापील कापड युरोपात गेलं; युरोपने त्याचं वेड घेतलं आणि मग नक्कल केली. आज बव्हेरियात असलेल्या आउग्सबुर्ग शहरात योहान हाइनरिश श्युले यांनी 1770 च्या सुमारास उभारलेला छपाईचा कारखाना राजवाड्यासारखा होता. मोलकरणीच्या अंगावर फुलाफुलांचं सुती कापड आलं ते या उद्योगामुळे. तेव्हा सिंधुदुर्गातून गेलेल्या मुलीने जुन्या इरकलीचा एप्रन करून डिर्नडलवर बांधला, नाकात नथ घातली, तर ती या कपड्याच्या स्वभावाशी इमान राखतेय.

शहराला यात काही करायचं असेल तर त्याला जागा आहे. म्युनिकच्या पालिकेने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच आपल्या जागेवरच्या उत्सवांत एकदा वापरून फेकायच्या ताटल्या-पेल्यांना बंदी केली. वीझनवर खाणं काचेच्या आणि चिनीमातीच्या भांड्यांत मिळतं, ते त्यामुळे. दुकान कुणाला द्यायचं हेही पालिकाच गुण मोजून ठरवते. त्या गुणांत टोप्या आणि कपडे विकणाऱ्यांसाठी कापड, शिवण आणि दुरुस्तीची सोय यांना वजन देता येईल. मैदानात एक दुरुस्तीचं टेबल टाकता येईल, कारण रात्री दहापर्यंत निम्म्या चोळ्यांचे हूक तुटलेले असतात. याने प्रश्न संपणार नाही. स्वस्त सेट विकले जातात ते मैदानाबाहेर, मुख्य स्टेशनच्या आसपास आणि इंटरनेटवर; तिथे पालिकेचा हात पोचत नाही. पण पोशाख-मंडळांचा पोचतो. शिवणकाम येणारी माणसं त्यांच्याकडे आहेत, जुन्या कपड्यांची कपाटं त्यांच्याकडे आहेत, आणि ज्यांना डिर्नडल घालायची हौस आहे ती सगळी तरुण पिढी दाराबाहेर उभी आहे. ऑगस्टमध्ये चार शनिवार मंडळाचं दार उघडून, जुना झगा घेऊन येणाऱ्या कुणालाही कुशीची शिवण सोडवायला शिकवावं. पायात काय घालून आलीस, ते विचारू नये.